फाईलचा आकार सांगणारे फंक्शन

ऑनलाइन अर्जासोबत जोडावयाच्या छायाचित्राला बहुधा '१०० केबीपेक्षा कमी' अशी अट असते. समजा, आपल्या छायाचित्राची फाईल १,०२,००० बाइटांची आहे. विंडोजमध्ये तिचे 'प्रॉपर्टीज' उघडले तर ती ९९.६ केबी दिसते. अलीकडच्या अँड्रॉइड फोनवर तीच १०२ केबी दिसू शकते. अर्ज स्वीकारला जाणार की परत येणार, हे या दोहोंपैकी कोणीच सांगत नाही. पलीकडच्या सर्व्हरने १०० केबी म्हणजे १,००,००० बाइट मानले आहेत की १,०२,४००, यावर ते ठरते. मुदतीच्या शेवटच्या सायंकाळी हा फरक किती जिवावर येतो, हे ज्यांनी असे अर्ज भरले आहेत त्यांना सांगावयास नको.

फाईल दोन्हीकडे तीच आहे. वेगळे आहे ते बाइटांच्या संख्येचे माणसाला वाचता येईल अशा मजकुरात रूपांतर करणारे छोटेसे फंक्शन. दहा-पंधरा ओळींचे हे काम प्रत्येक प्रोग्रामरने कधी ना कधी केलेले असते, आणि बहुतेकांनी ते क्षुल्लक समजूनच केलेले असते.

पहिला पेच भागाकाराचा. संगणकाची स्मृती दोनच्या घातांत मोजली जाते. दोनचा दहावा घात १,०२४. तो हजाराच्या इतका जवळ की जुन्या तंत्रज्ञांनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकले. किलोच्या पायरीवर हा फरक २.४ टक्के आहे. पण मेगाला तो ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के होतो. डिस्कचे उत्पादक हजाराने मोजतात, विंडोज १,०२४ ने भागते आणि तरीही 'जीबी' हेच अक्षर लावते. म्हणून ५०० जीबीची डिस्क जोडल्यावर ४६५ जीबी दिसतात. यावरून अमेरिकेत ग्राहकांनी वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या कंपन्यांना न्यायालयात खेचले आणि २००६-०७ मध्ये दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली. साडेतीन इंची फ्लॉपीची गंमत याहून न्यारी. तिच्यावर १.४४ एमबी असे लिहिलेले असे, पण तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. म्हणजे त्या 'मेगा'चा अर्थ ना दहा लाख, ना १,०२४ चा वर्ग, तर हजार गुणिले १,०२४!

हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावे दिली. ती लिनक्सच्या जगात रुळली, बाहेर फारशी नाहीत. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर फाईलचे आकार हजाराच्या पटीत दाखवण्यास प्रारंभ केला. अँड्रॉइडच्या अशाच फंक्शनने आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, तीच वाट धरली. पायथनची 'जँगो' ही चौकट १,०२४ ने भागते, तर त्याच भाषेतील 'ह्युमनाइझ' हे ग्रंथालय वेगळे काही न सांगितल्यास हजाराने. दोन्ही 'एमबी'च लिहितात.

खरी फसगत मात्र पूर्णांकनात आहे. संख्या हजाराखाली येईपर्यंत भागत जावे आणि भागाकारांच्या संख्येनुसार एकक निवडावे, ही सरळ पद्धत. ती न वापरता लॉगरिदमने एकक एकाच फटक्यात काढणे अनेकांना अधिक देखणे वाटते. अँड्रियास लुंडब्लाड यांनी २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर जावा भाषेत असे फंक्शन लिहिले. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या संकेतस्थळावरून सर्वाधिक नकललेला जावाचा तुकडा तोच असल्याचे आढळले. लुंडब्लाड यांनी तो पुन्हा तपासला आणि २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केले की त्यात चूक आहे. त्याला ९,९९,९९९ बाइट दिले की तो '१.० एमबी' ऐवजी '१०००.० केबी' छापतो. एकक आधी ठरते, पूर्णांकन नंतर होते, ९९९.९९९ चे १००० झाले तेव्हा एकक बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. आपली चूक असंख्य प्रकल्पांत पसरल्यावर ती उघडपणे मांडणे सोपे नव्हे.

याशिवाय शून्याचा लॉगरिदम नसतो, म्हणून रिकाम्या फाईलवर अशी फंक्शने अडखळतात. संख्या ३२ बिटांत ठेवली तर दोन गिबीच्या पुढची फाईल ऋण आकाराची दिसू शकते. एककांची यादी जीबीवर थांबवली तर टेराबाइटच्या डिस्कपुढे अक्षरच सापडत नाही. लिनक्सची 'एलएस' आज्ञा वाचनीय आकार नेहमी वरच्या बाजूस नेते. १,०२५ बाइटांची फाईल तिथे १.१ के दिसते.

मराठी संकेतस्थळांसाठी आणखी एक बाब. जावास्क्रिप्टमधील 'टूफिक्स्ड' केवळ इंग्रजी अंक देते. म्हणून मराठी पानावर एकक देवनागरीत आणि अंक इंग्रजीत अशी खिचडी दिसते. त्याच भाषेतील 'इंटल' या सोयीला मराठी भाषा सांगितली की अंक देवनागरीत येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडतात. केबी की एमबी, ही निवड मात्र तीही करत नाही. ती प्रोग्रामरलाच करावी लागते.

आणि अर्जाच्या छायाचित्राचे म्हणाल तर, विंडोजवर ९७ केबी किंवा त्याहून कमी दिसणारी फाईल १,००,००० बाइटांच्याही आत असते. ती दोन्ही हिशेबांत बसते.