सोनोग्राफीत रक्ताची कमतरता कळते का?

सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला, मग हिमोग्लोबिनसाठी पुन्हा सुई कशाला टोचायची? वाशिम, रिसोड, कारंजा असो की पुणे-मुंबई, गरोदरपणात हा प्रश्न अनेकांना पडतो. थोडक्यात उत्तर असं: आईचं हिमोग्लोबिन सोनोग्राफीत कळत नाही. पोटातल्या बाळाच्या रक्ताचा अंदाज मात्र घेता येतो.

यंत्राला नेमकं काय दिसतं?

आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी २० लाख हर्ट्झ आणि त्याहून पुढच्या असतात. वाहत्या लाल पेशींवर आपटून परतताना त्यांची वारंवारता बदलते. या बदलावरून रक्ताचा वेग काढला जातो. हीच डॉपलर तपासणी.

लाल पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं आणि ऑक्सिजन पुरवण्यासाठी हृदय जास्त रक्त ढकलतं. त्यामुळे वेग वाढतो.

बाळासाठी उपयोग

आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर कधी कधी आईच्या शरीरातल्या अँटीबॉडीज बाळाच्या लाल पेशी नष्ट करतात. पूर्वी हे तपासायला पोटातून सुई घालून गर्भजल किंवा नाळेतलं रक्त घ्यावं लागे. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १११ गर्भांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग मोजला गेला. त्या आठवड्यासाठी अपेक्षित वेगाच्या दीडपटीहून जास्त वेग असेल, तर मध्यम किंवा तीव्र ॲनिमियाची शक्यता धरली जाते. त्यामुळे अनेक सुया टळल्या.

सिकलसेलच्या मुलांसाठी

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन मुलांना पक्षाघात होऊ शकतो. डोक्याच्या डॉपलरमध्ये वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त आला, तर धोका मोठा मानतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, असं १९९८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं.

मग आईचं हिमोग्लोबिन का नाही?

मोठ्या माणसात रक्ताचा वेग रक्तदाब, वय, रक्तवाहिनीची रुंदी अशा अनेक गोष्टींवर ठरतो. परतणाऱ्या ध्वनीच्या ताकदीवरून पेशी मोजायच्या म्हटलं, तर प्रवाह मंदावल्यावर लाल पेशी नाण्यांच्या थप्पीसारख्या चिकटतात. संख्या तीच राहते, पण प्रतिध्वनी वाढतो. त्वचा आणि चरबीमुळेही आकडा बदलतो. यावर संशोधन सुरू आहे, पण रक्ततपासणीची जागा ही पद्धत अजून घेऊ शकलेली नाही.

लक्षात ठेवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिलांना ॲनिमिया आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर ॲनिमिया, ७ च्या खाली तीव्र ॲनिमिया. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली तरी रक्ततपासणी टाळू नका. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. मुलाला सिकलसेल आजार असेल, तर डोक्याच्या डॉपलरबद्दल जरूर विचारा.