जामसांवली

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातले, जाम नदीकाठचे गाव. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सौंसरही त्यात गेले. गावाची ओळख म्हणजे येथील हनुमान. एरवी मारुती उभा दिसतो, हातात गदा किंवा द्रोणागिरी. इथे तो पिंपळाखाली आडवा निजलेला आहे, अंगभर शेंदूर. स्वयंभू मानलेल्या या मूर्तीच्या नाभीतून पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मंगळवारी-शनिवारी नागपूरकडूनही मोठी गर्दी होते. परिसर संत्री-कपाशीचा. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. पुढे ती भोपाळला गेली. घरातली बोली मात्र मराठीच राहिली.