तोरणातला झेंडू कुठला?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सोसायटीत ठराव आलाय. परदेशी झाडं काढायची, फक्त आपलीच फुलझाडं लावायची. तेवढी यादी करून द्या." आम्ही हो म्हणालो. यादी करायला बसलो आणि पहिल्याच नावाला अडलो. ते नाव होतं झेंडू.

दसऱ्याला आंब्याच्या पानांबरोबर दारावर चढणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. दोन समुद्रवाटा जोडल्या गेल्या. त्यानंतर मिरची, पेरू, काजू, अननस असं बरंच काही अमेरिकेतून आपल्याकडे आलं. फुलंही आली.

पण आलं म्हणजे रुळलं, असं होत नाही. झाडाचा स्वभाव इथल्या हवेशी आणि इथल्या माणसांशी जुळावा लागतो. झेंडूचं बघा. पावसाळ्यानंतर दिवस लहान व्हायला लागले की तो जोमानं फुलतो. नेमके तेव्हाच आपले दसरा-दिवाळी येतात. गंमत म्हणजे मेक्सिकोतही १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या सणात हीच फुलं लागतात. पाकळ्या पसरून पितरांना घरची वाट दाखवतात. दोन टोकांचे दोन देश, पण फूल एक आणि ऋतूही जवळपास तोच! शिवाय हारात ओवल्यावरही तो टिकतो. गावठी झेंडूचं वाळलेलं तोरण कुंडीत चुरगाळलं, की पुढच्या वर्षीची रोपं तयार. असं फूल कोण परकं मानेल?

दुसरं नाव गुलबक्षी. हीसुद्धा अमेरिकेची. नावातला 'गुल' मात्र फारसी, म्हणजे नाव आणखी तिसरीकडचं. चारच्या सुमाराला उमलते, रात्री पतंगांना बोलावते, सकाळी मिटते. मिऱ्यासारखं काळं बी पडलं की उगवते; वरचं झाड वाळलं तरी जमिनीतला कंद पुन्हा फुटतो. फुलाची नळी लांब, त्यामुळे दोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते. आपल्या आज्या-पणज्यांनी ती गुंफली, तेव्हा कुणी तिचं गाव विचारलं नाही.

तिसरी सदाफुली. ही मादागास्करची. पाणी थोडं, ऊन भरपूर, तरी बारा महिने फुलते. पानं कडू आणि विषारी, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञ तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते. हाती लागली कर्करोगावरची औषधं. पण ती प्रयोगशाळेत शुद्ध करून, मोजून दिलेली. आपण कुंडीतली पानं चावून खाऊ नयेत, हे इथे सांगितलंच पाहिजे.

मग ठराव मांडणाऱ्यांची काळजी खोटी का? नाही. घाणेरी आठवा, काहीजण तिला टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं फुलझाड म्हणून ती भारतात आणली. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया रानोमाळ नेल्या. आज तिच्या जाळ्यांखाली जंगलातलं गवत आणि कोवळी रोपं दबून जातात. जलपर्णीही अशीच, सुंदर जांभळ्या फुलांसाठी आणली गेली आणि तळी झाकून बसली.

झेंडूही अमेरिकेचा, घाणेरीही अमेरिकेची. एक दारात राहिला, दुसरी कुंपण ओलांडून रानात शिरली. फरक जन्मगावाचा नाही, स्वभावाचा आहे. इतिहास आपल्याला हेच शिकवतो.

म्हणून त्या श्रोत्यांना आम्ही वेगळी यादी दिली. झाड लावण्याआधी तीन गोष्टी विचारा: ते किती पाणी मागतं? कुठल्या कीटकांना, पाखरांना उपयोगी पडतं? आणि आपल्या हाताबाहेर पसरतं का? इथल्याच प्राजक्ताला, अबोलीला, सोनचाफ्याला जागा जरूर ठेवा. एखादा कढीपत्ता लावा. त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. आणि ठरावातला 'परदेशी' हा शब्द खोडून तिथे 'पसरणारी' असा शब्द घाला. दारातला झेंडू मग दारातच राहील.

आता आपण प्रश्नांकडे वळूया.