झोताची कड

२८ जुलै १९२४ या तारखेचा एक करार आहे. एका बाजूला ब्रिटिश टपाल खातं, दुसऱ्या बाजूला मार्कोनी कंपनी. भाषा वकिली, रुक्ष. पण अटी वाचताना डोळ्यांपुढे चक्क एक अँटेना उभा राहतो. हिंदुस्थानशी दिवसाला सरासरी बारा तास संपर्क हवा. मिनिटाला पाच अक्षरी शंभर शब्द, तेही जाणारे आणि येणारे एकाच वेळी. आणि लहरी चहूकडे न उधळता तीस अंशांच्या कोनात कोंडलेल्या हव्यात.

त्याआधी चार वर्षं सर हेन्री नॉर्मन यांच्या समितीने वेगळी वाट सुचवली होती: साम्राज्यभर सुमारे दोन-दोन हजार मैलांवर केंद्रं बांधायची आणि संदेश टप्प्याटप्प्याने पुढे ढकलायचा. आजचे हौशी रेडिओवाले याला ‘रिपीटर’च म्हणतील. १९२४च्या कराराने मधले टप्पे उडवले. इंग्लंडात ग्रिम्सबीजवळ एक टोक, इकडे पुण्याजवळ खडकीला दुसरं. १९२७च्या सप्टेंबरात ही ‘बीम’ सेवा लोकांसाठी खुली झाली. दिवसा सुमारे १६ मीटरची लहर, रात्री ३४ मीटरची.

करार इंग्लंडातल्या केंद्राचा. पण खडकीचं केंद्र त्याचंच जोडीदार. त्यामुळे इथली खांबांची रांग कशी धावत असणार, ते घरबसल्या काढता येतं. पृथ्वीच्या गोलावर खडकीहून ग्रिम्सबीपर्यंत दोरा ताणावा. अंतर भरतं सुमारे ७,३०० किलोमीटर आणि दोरा उत्तरेपासून पश्चिमेकडे ३९ अंश कलतो. मार्कोनीच्या चार्ल्स फ्रँकलिनने आखलेल्या या रचनेत उभ्या तारांचा पडदा उंच खांबांवर टांगलेला असे, मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा. झोत पडद्याला काटकोनात निघतो. म्हणजे खडकीची रांग ईशान्य-नैर्ऋत्य असणार. अँटेना बसवणं म्हणजे इथे जमीन मोजणंच होतं. पाया एकदा भरला की दिशा बदलायची सोय नाही. पडदा जितका रुंद तितका झोत अरुंद. म्हणून अटीतले ते तीस अंश म्हणजे खरं तर किती जमीन घ्यायची आणि किती खांब रोवायचे याचा हिशेब.

मग मी जव्हार-मोखाड्याच्या जिल्ह्याचा नकाशा काढला. खडकीहून तीस अंशांची पाचर आखली, तर तिची पूर्वेकडची कड जव्हारच्या अगदी जवळून जाते. मोखाडा थोडक्यात बाहेर राहतो. जव्हार संस्थानात तेव्हा कुणी रेडिओ लावून बसलं असतं, तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता. या लहरी डोक्यावरून वर जातात आणि आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून वळून हजारो किलोमीटरवर उतरतात. दीडशे किलोमीटरवरच्या गावाला त्या ओलांडून जातात.

करारातली एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं ही अट सर्वांत अवघड. आपल्याच आवाजाने आपले कान बसतात. म्हणून पाठवणारं केंद्र खडकीला आणि ऐकणारं दौंडला, मध्ये पाऊणशे किलोमीटर.

आता मोखाड्याकडे सूर्यमाळ किंवा खोडाळ्याच्या बाजूच्या एखाद्या माथ्यावर रिपीटर लावायचा म्हटलं, तर नेमका हाच पेच पुढे येतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकायची आणि बोलायची कंपनसंख्या यांत साधारण ६०० किलोहर्ट्झचंच अंतर, आणि मनोरा एकच. खडकी-दौंड त्या एका मनोऱ्यात बसवायचं! त्यासाठी धातूच्या डब्यांची गाळणी, म्हणजे डुप्लेक्सर, लावतात. किंवा दोन अँटेना एकाच उभ्या रेषेत, एक वर आणि एक खाली. उभा अँटेना आपल्या डोक्याकडे आणि पायाकडे फारसं काही फेकत नाही, म्हणून शेजारी बांधण्यापेक्षा वर-खाली बांधलेले बरे.

अँटेना कोणता, याचं उत्तरही फ्रँकलिनपाशीच जातं. अर्ध्या लहरीचे तुकडे एकावर एक, सगळे एका तालात चालतील असे जोडायचे, ही त्याचीच युक्ती. खडकीच्या दिवसाच्या लहरीचा असा एक तुकडा आठ मीटरचा. १४५ मेगाहर्ट्झला तो जेमतेम एक मीटर आणि तीन सेंटिमीटर. मनोऱ्यांवर दिसणाऱ्या पांढऱ्या फायबरच्या नळीत बहुधा असेच तुकडे रचलेले असतात. फरक इतकाच की पडदा नाही. नळी एकटी, म्हणून चहूकडे सारखी.

पण तुकडे वाढवले की शक्ती क्षितिजाकडे दाबली जाते. कॅटलॉगमधला आकडा मोठा दिसतो, आणि वैतरणेच्या खोऱ्यात, मनोऱ्याच्या पायथ्याशी हातातला सेट घेऊन उभा असलेला माणूस ऐकूच येत नाही. मोखाड्यासारख्या चिरफाळलेल्या मुलखात मी लांब नळीपेक्षा आखूड घेईन. ती मनोऱ्याच्या शेंड्यावर बसवेन. मनोऱ्याच्या बाजूला चिकटवली तर लोखंडाच्या आड एक दिशा दुबळी होते. आणि केबल सांध्याकडे नेताना तिला खाली एक झोळ देईन. इथला पाऊस केबल धरून सरळ आत शिरतो; झोळ असला की पाणी तिथेच ठिबकून जातं.