सावळं होण्याची बाटली

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तिथल्या औषधाच्या दुकानात एका फळीवर तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. मला वाटलं, केसांचं तेल असेल. मुलगी हसत म्हणाली, "आई, हे लावून इथल्या बायका सावळ्या होतात." मी चष्मा पुसून पुन्हा बाटलीकडे पाहिलं! आपल्याकडे जन्मभर हळद आणि डाळीचं पीठ चोळून उजळ व्हायची धडपड, आणि इथे पैसे मोजून सावळं व्हायचं?

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे "हे असं का?" हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. मग वाचायला घेतलं.

युरोपातही पूर्वी गोरेपणालाच मान होता. उन्हात राबतो तो मजूर, सावलीत बसतो तो खानदानी, असा सरळ हिशेब. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात श्रीमंत बायका चेहऱ्याला शिशापासून केलेला पांढरा लेप लावत. शिसं म्हणजे विषच, पण हौसेला मोल नसतं. पुढे कारखाने आले. मजूर शेतातून उठून गिरणीत आणि खाणीत गेला, तिथे तो पांढराफटक पडला. आता उन्हात लोळायला सवड आणि पैसा लागू लागला. त्यातच १९०३ साली नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरांना, त्वचेचा क्षय प्रकाशकिरणांनी बरा करण्याच्या कामाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळालं. ऊन औषध ठरलं, आणि १९२०च्या दशकात उन्हाने रापलेली कातडी चक्क फॅशन झाली.

मुलीच्या शेजारी एक आजीबाई राहत. त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात रेशीम पॅराशूटसाठी जाई, त्यामुळे बायकांना पायमोजे मिळेनात. मग त्या मांसाच्या रश्श्याला रंग आणायचं तपकिरी द्रव्य पायांना फासत, आणि भुवयांच्या पेन्सिलीने पोटरीवर शिवणीची रेघ ओढत. पाऊस आला की सगळं ओघळून जायचं!

त्या बाटलीतल्या द्रव्याचा शोध मात्र एका इस्पितळात लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी इथे ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक बाई एका दुर्मीळ आजाराच्या मुलांना डायहायड्रॉक्सिॲसिटोन ही साखर पाजून पाहत होत्या. मुलांच्या अंगावर थेंब सांडत. काही तासांनी तिथे तपकिरी डाग पडत, पण कपड्यांवर मात्र काहीच नाही. बाईंनी ते द्रावण स्वतःच्या कातडीला लावून पाहिलं. १९६०च्या सुमाराला ते बाजारात आलंसुद्धा. सुरुवातीला लोक नारिंगी आणि पट्टेदार होत, ते सोडा!

यातलं शास्त्र आपल्या चुलीपाशीच आहे. भाकरी तव्यावर खरपूस होते ना, त्याच जातीची ही क्रिया. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी ही साखर संयोग पावते आणि तपकिरी रंग धरतो. तो थर झडला की आठवडाभरात रंगही जातो. या रंगाने उन्हापासून संरक्षण मात्र मिळत नाही. तरी अतिनील दिव्यांखाली झोपून रापण्यापेक्षा हे बरं. त्या दिव्यांच्या खाटा कर्करोगाला कारण होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली जाहीर केलं.

आपल्याकडे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आलं. २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' गेला. नाव बदललं, पण मनातलं?

हे लिहिताना मला माझाच एक वर्ग आठवतो आहे. १९८०च्या आसपासची गोष्ट. शाळेचं गॅदरिंग होतं, राधाकृष्णाची नाटिका. आठवीतल्या एका मुलीचा गळा असा, की सगळी शाळा ऐकत राहावी. पण ती चांगलीच काळी. मी राधा केली दुसऱ्या एका गोऱ्या मुलीला, आणि हिला पडद्यामागे उभं करून गाणी म्हणायला लावली. कृष्ण काळा चालतो, राधा मात्र गोरीच हवी, हे मला कुणी शिकवलं होतं कोण जाणे! तालमीनंतर ती हळूच म्हणाली, "बाई, मी खूप पावडर लावली तर?"

मी म्हटलं, "चल, उशीर झालाय, घरी जा."

आज ती साठीकडे झुकली असेल. कुठे असते, ठाऊक नाही. इंग्लंडमधल्या त्या फळीसमोर उभी होते तेव्हा मला पहिल्यांदा तिचीच आठवण झाली होती, हे मुलीला मी सांगितलं नाही. इथे लिहिते आहे. ती कुठे भेटलीच तर एवढंच म्हणेन, बाळ, पावडरीची काही गरज नव्हती. चूक माझी होती.