बाराशे रुपयांची रेघ

वर्ग शिवणकामाचा असो वा संगणकाचा, फी सर्वांना सारखी असावी की ऐपतीप्रमाणे, हा प्रश्न उभा राहतोच. त्याचे एक जुने सरकारी उत्तर आहे. १९५९ साली, द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. हीच ई.बी.सी. सवलत. विदर्भ १९५६ पासून त्याच राज्यात असल्याने ती खापरखेड्यापर्यंतही पोहोचली.

जात न विचारता केवळ मिळकत पाहणारी ही योजना थोरच होती. तथापि ती रेघ होती, जिना नव्हे. महिना शंभराच्या आत मिळविणाऱ्यास पूर्ण माफी, चार रुपये अधिक मिळविणाऱ्यास पूर्ण फी! खापरखेड्यास एकीकडे वीजकेंद्र व सिल्लेवाड्याची कोळसा खाण, दुसरीकडे शेती. कामगाराची मिळकत पगारपत्रकावर छापलेली, लपविता न येणारी. शेतकऱ्याची वा दुकानदाराची मात्र दाखल्यावर ठरणारी. (तो दाखला आणताना बुडालेली रोजी कोण मोजतो?)

आज व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ही मर्यादा ८ लाखांवर आहे; निम्मी शिक्षण-फी शासन भरते, २०२४ पासून पात्र मुलींची संपूर्ण.

आपल्या धर्मग्रामातील वर्गांना दाखल्याची गरजच काय? आम्हांस वाटते, तीन दर फलकावर लिहावेत आणि कोणता झेपतो हे कुटुंबानेच, कारण न देता, सांगावे. मात्र शिक्षिकेचे मानधन कोणत्या दरातून निघते, तो हिशेबही त्याच फलकावर असावा.