कमरेचे बळ आणि तालमीची माती

वेरूळच्या कैलास लेण्यात, राष्ट्रकूट नृपती पहिल्या कृष्णाच्या काळी म्हणजे आठव्या शतकात आकारलेल्या त्या शिल्पविश्वात, रावण आपल्या वीस हातांनी कैलास पर्वत हलवू पाहतो. प्रेक्षकाची दृष्टी त्या हातांच्या पसाऱ्यावर खिळते. परंतु भार उचलणाऱ्याचे सामर्थ्य हातांत प्रकट होत असले, तरी त्याचा उगम कटिप्रदेशात, नितंबांत आणि मांड्यांच्या मागील स्नायूंत असतो, हे ज्याने एकदा तरी जमिनीवरचा नाल, म्हणजे मूठ कोरलेला दगड, उचलला आहे त्यास सांगावे लागत नाही.

या मुलखातील मल्लविद्येस ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या परिश्रमांमध्ये भारश्रम व स्तंभश्रम यांची गणना आहे. त्या स्तंभश्रमात मल्लखांबाचे मूळ पाहिले जाते.

तालमीत कमरेसाठी निराळा पाठ क्वचितच असे, आणि तेच तिचे शहाणपण होते असे मला मनापासून वाटते. पहाटे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरणाऱ्या पोराच्या हाती आधी फावडे येई. तेल, ताक आणि हळद मुरवलेली ती जड माती खणताना तो कमरेतून वाके, फावडे ओढून घेई, ताठ होई आणि पुन्हा वाके. डावापेचांचा श्रीगणेशा होण्यापूर्वीच त्याची पाठ अशी कणखर होऊ लागे. मागाहून दंड-बैठका, मुद्गलांची जोडी आणि नाल. नाल उचलताना पाठीला बाक आला की वस्ताद हटकीत. कारण भार कण्याने नव्हे, तर कुल्ल्यांनी आणि मांड्यांनी उचलावयाचा असतो.

युरोपात मात्र अवयवागणिक यंत्र निघाले. स्टॉकहोमचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ साली तरफा व वजनांच्या यंत्रांवर व्यायाम देणारी संस्था उघडली, आणि आजच्या जिममधील पाठीच्या यंत्रांची पूर्वज तीच यंत्रे होत. या यंत्रांचा गुण निर्विवाद आहे: भार मोजून वाढविता येतो आणि दुखऱ्या कमरेच्या माणसालाही थोडक्यापासून आरंभ करता येतो. परंतु पाय रोवून, तोल सांभाळून सारे शरीर एकवटण्याची सवय बैठ्या यंत्रावर लागत नाही. ती लागते जमिनीवरून बारबेल उचलणाऱ्या डेडलिफ्टने, म्हणजे नालाच्याच रीतीने.

राज्यस्थापनेच्या पुढच्याच वर्षी, १९६१ साली, महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरली आणि दिनकर दह्यारी विजयी झाले. ज्या शहराने त्या मानाच्या कुस्तीचा पहिला आखाडा पाहिला, तेथील तालमींनी खुशाल यंत्रे आणावीत. मात्र त्यांच्यासाठी जागा करताना हौदा बुजवू नये, आणि नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी फावडेच द्यावे.